ऐपत कोणी ठरवायची? हजच्या वाटेचा इतिहास

हजची आज्ञा कुरआनात जिथे आहे, तिथेच तिची सवलतही आहे. सूरह आले-इमरानमध्ये अल्लाहच्या घराची यात्रा माणसांवर बंधनकारक ठरवताना एक अट घातली आहे: ज्याला तिथवर पोहोचण्याची ऐपत आहे त्याच्यावर. या ऐपतीला फिकहच्या ग्रंथांत ‘इस्तिताअत’ म्हणतात. जाण्यायेण्याचा खर्च, मागे राहणाऱ्या घरच्यांच्या पोटापाण्याची सोय, डोक्यावरचे कर्ज फिटलेले असणे, धडधाकट शरीर आणि सुरक्षित वाट, अशा त्याच्या अटी उलेमांनी सांगितल्या आहेत. यांतली एखादी नसेल तर हज फर्ज होत नाही. जो गेला नाही त्याच्यावर गुन्हा नाही.

नियम इतका सरळ आहे. तरीही हिंदुस्थानातल्या हजचा गेल्या साडेचारशे वर्षांचा इतिहास वाचू लागलो की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ज्यांच्यापाशी सगळे काही होते त्यांतले अनेक जण गेले नाहीत. ज्यांना शरियतने स्वतः मोकळे सोडले होते ते मात्र भांडीकुंडी विकून, डेकवर झोपून, परतीचे भाडे खिशात नसताना गेले. आणि प्रत्येक काळात कोणी ना कोणी, कधी दरबारी मुल्ला, कधी बोटीची कंपनी, कधी गोरा डॉक्टर, कधी सरकारी खाते, त्यांची ऐपत मोजायला उभा राहिला. धर्मस्थळी लोक का जातात, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर या मोजमापाच्या इतिहासातून जावे लागते.

दरबाराची अडचण

सोळाव्या शतकात अरबी समुद्रावर पोर्तुगीजांची हुकूमत होती. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या जहाजाला त्यांचा परवाना घ्यावा लागे. त्याला ‘कर्ताझ’ म्हणत. परवाना नसलेले जहाज पकडले जाई. हजला निघालेल्या जहाजांनाही ही सक्ती होतीच.

अकबराच्या दरबारात मखदूम-उल-मुल्क ही पदवी असलेला अब्दुल्लाह सुलतानपुरी नावाचा मोठा आलिम होता. हिंदुस्थानी मुसलमानांवर आता हज फर्ज राहिलेला नाही, असा फतवा त्याने दिल्याचे इतिहासकार बदायुनीने लिहून ठेवले आहे. युक्तिवाद असा होता: खुष्कीच्या मार्गाने जावे तर वाटेत इराणच्या शियांचा मुलूख लागतो, समुद्रमार्गे जावे तर पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यावर मरियम व येशूची चित्रे असतात. दोन्ही वाटा सदोष, म्हणून फर्ज नाही. हेच गृहस्थ वर्ष भरत आले की आपली मालमत्ता बायकोच्या नावावर करत आणि जकात टाळत, असेही बदायुनी सांगतो. बदायुनीची लेखणी तिखट होती आणि मखदूमवर त्याचा राग होता, हे खरे. पण पुढे जे घडले ते दरबाराच्या इतिहासात नोंदलेले आहे. अकबराची मर्जी फिरली आणि या मखदूम-उल-मुल्कलाच मक्केला धाडण्यात आले. ज्याने हज फर्ज नाही असे सांगितले, त्याला हज शिक्षा म्हणून मिळाला.

मोगल राजकारणात हजला पाठवणे हा सभ्य हद्दपारीचा एक प्रकारच होता. अकबराचा पालक बैरामखान सत्तेतून उतरला तेव्हा तो हजच्याच वाटेला लागला आणि १५६१ मध्ये गुजरातेत पाटण इथे मारला गेला. गादीवरून उठून हजला गेला असा एकही मोगल बादशाह नाही. कारण उघड आहे. वर्ष-दोन वर्षे तख्त मोकळे ठेवले तर परत आल्यावर ते आपले राहील याची खात्री कोणालाच नव्हती. म्हणजे ज्याच्याकडे खजिना आणि फौज होती, त्याच्याकडेही इस्तिताअत नव्हती!

मात्र बादशाह गेले नाहीत तरी त्यांनी इतरांना पाठवले. गुजरात जिंकल्यावर सुरतेचे बंदर अकबराच्या हाती आले. १५७६ मध्ये त्याने सुलतान ख्वाजा याला ‘मीर-ए-हज’ नेमले आणि मक्का-मदिनेतल्या गोरगरिबांसाठी सहा लाख रुपये व बारा हजार पोशाख त्याच्याबरोबर दिले. ज्यांना जायचे आहे त्यांचा खर्च सरकारी खजिन्यातून देण्याची व्यवस्थाही या काळात काही वर्षे चालली.

आणि त्याच सुमारास दरबारातल्या बायका निघाल्या. बाबराची मुलगी, अकबराची आत्या आणि ‘हुमायूननामा’ लिहिणारी गुलबदन बेगम १५७५ मध्ये फतेहपूर सिक्रीहून जनानखान्यातल्या स्त्रियांचा काफिला घेऊन निघाली. सुरतेत पोर्तुगीजांच्या परवान्यासाठी तिला महिनोन्‌महिने थांबावे लागले. फतव्यात ज्या परवान्याची सबब होती तोच परवाना घेऊन ती बोटीत बसली. तीन वर्षांहून अधिक काळ हिजाजमध्ये राहून तिने चार हज केले. परतताना एडनजवळ जहाज फुटले आणि तिथे अडकून पडावे लागले. १५८२ मध्ये ती परत आली. तेव्हा ती साठीच्या घरात होती.

सुरत, दाभोळ, मुंबई

सुरतेला ‘बाब-उल-मक्का’, म्हणजे मक्केचा दरवाजा, म्हणत. आपल्या कोकणातही असा एक दरवाजा होता. आदिलशाहीचे दाभोळ हे तांबड्या समुद्राशी व्यापार करणारे नामांकित बंदर होते आणि दख्खनचे यात्रेकरू तिथून निघत. आज वाशिष्ठीच्या मुखाशी उभी असलेली दाभोळची मशीद पाहताना तो काळ डोळ्यांसमोर आणावा लागतो. मिरे आणि कापडाच्या गाठींबरोबर या बंदरातून एहरामची गाठोडीही जात होती.

वाट सुरक्षित नव्हती, हे मखदूमचे म्हणणे तेवढ्यापुरते खरेच होते. जहांगीरची आई मरियम-उझ-झमानी हिचे ‘रहिमी’ हे जहाज पोर्तुगीजांनी १६१३ मध्ये पकडले. पुढे १६९५ मध्ये औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे प्रचंड जहाज हजहून परत येत असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. यात्रेकरूंचे हाल झाले, स्त्रियांवर अत्याचार झाले. औरंगजेबाने सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना कैदेत टाकले आणि ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारच धोक्यात आला. बादशाहांच्या जहाजांची ही गत, तर साध्या गलबतांचे काय झाले असेल ते लिहायला कोणी बखरकार नव्हता. पण पुढच्या हंगामात गलबते पुन्हा निघत होतीच.

एकोणिसाव्या शतकात सुरतेचे वैभव मुंबईकडे आले. १८६३च्या अखेरीस भोपाळची नवाब सिकंदर बेगम आपली आई कुदसिया बेगम हिच्यासह मुंबईमार्गे हजला निघाली. गादीवर असताना हज करणारी ती हिंदुस्थानातली पहिली राज्यकर्ती मानली जाते. बादशाहांना जे जमले नाही ते एका बाईने करून दाखवले. तिने प्रवासाची हकीकतही लिहिली. त्यात भक्तीबरोबर तक्रारीही आहेत: जिद्दाच्या जकातीवरचा छळ, अस्वच्छता, भेटी उकळणारे अधिकारी. पवित्र ठिकाणी गेले म्हणून डोळे मिटून घ्यावेत असे तिला वाटले नाही, आणि मला तिचा हा सरळपणा फार आवडतो.

डेकवरचे लोक

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि आगबोटींचे राज्य सुरू झाले. शिडाच्या जहाजाला वाऱ्याची वाट पाहावी लागे, आगबोटीला लागत नसे. भाडे उतरले. ज्यांनी हजचे फक्त नाव ऐकले होते असे शेतकरी, विणकर, फेरीवाले, विधवा बायका मुंबईच्या धक्क्यावर जमू लागल्या. बंगालपासून बुखाऱ्यापर्यंतचे लोक मुंबईत येऊन बोटीची वाट पाहत मशिदींत, मुसाफिरखान्यांत आणि जागा मिळाली नाही तर फुटपाथवर राहत. आपला शिधा, चूल, पाण्याचे भांडे बरोबर. काहींच्या गाठोड्यात कफनसुद्धा असे. ते झमझमच्या पाण्यात भिजवून आणायचे, किंवा तिकडेच वापरायचे.

१८६५च्या हजमध्ये कॉलऱ्याची भयंकर साथ आली. सुमारे पंधरा हजार यात्रेकरू दगावले, असा अंदाज केला जातो. परतणाऱ्या लोकांबरोबर साथ इजिप्तमध्ये आणि तिथून युरोपात गेली. युरोप हादरला. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि हिंदुस्थानी यात्रेकरू हा जगाच्या आरोग्याला धोका आहे, ही समजूत पक्की झाली. १८८२ पासून तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर उस्मानी सरकारचे क्वारंटाईन सुरू झाले. बोट तिथे थांबवायची, माणसे उतरवायची, कपडे वाफेत घालायचे, अंग धुवायला लावायचे, काही दिवस झोपड्यांत ठेवायचे आणि या सगळ्याची फीसुद्धा यात्रेकरूकडूनच घ्यायची. जुन्या हाजींच्या बोलण्यात कामरानचे नाव मक्का-मदिनेच्या जोडीने येई, ते या जाचामुळे.

बोटमालक काय करत होते? क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे कोंबत होते. १८८० मध्ये सिंगापूरहून निघालेल्या ‘जेद्दा’ नावाच्या बोटीवर साडेनऊशेहून अधिक यात्रेकरू होते. बोटीत पाणी शिरू लागले तेव्हा कप्तान आणि गोरे अधिकारी होडीत बसून पळाले, आणि बोट बुडाली असे त्यांनी एडनला पोहोचून सांगितले. दुसऱ्याच दिवशी तीच बोट एका जहाजाच्या दोराला बांधून एडनच्या बंदरात आली. यात्रेकरूंनी पाणी उपसत तिला तरंगत ठेवले होते! जोसेफ कॉनरॅडची ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी या घटनेवर उभी आहे. कादंबरी मात्र पळालेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या मनातल्या अपराधाविषयी आहे. पाणी उपसणाऱ्यांची कादंबरी अजून कोणी लिहिलेली नाही.

मुंबई सरकारपुढे पेच होता. १८५८च्या जाहीरनाम्यात राणीने धर्मात हस्तक्षेप न करण्याचे वचन दिले होते. हज थांबवला तर मुसलमान बिथरतील ही धास्ती, आणि चालू ठेवला तर युरोपची बोलणी. मग सरकारी कागदांत एक शब्द रूढ झाला: कंगाल यात्रेकरू. परतीचे भाडे नसलेले हजारो हिंदुस्थानी जिद्दामध्ये अडकून पडत, भीक मागत, आजारी पडत. १८८२ मध्ये जिद्दाच्या ब्रिटिश वकिलातीत नेमले गेलेले डॉ. अब्दुर रज्जाक यांनी या लोकांचे हाल आपल्या अहवालांत नोंदवले आहेत. १८९५ मध्ये जिद्दाजवळ बदूंच्या हल्ल्यात ते स्वतःच मारले गेले. १८८६ मध्ये सरकारने यात्रेकरूंच्या प्रवासाचे काम चक्क थॉमस कुक या पर्यटन कंपनीकडे सोपवले. धंदा काही फायद्यात आला नाही आणि काही वर्षांत कंपनी बाजूला झाली.

या साऱ्या चर्चेत इंग्रज अधिकारी हटकून एक मुद्दा मांडत. तुमच्या कुरआनातच लिहिले आहे की गरिबावर हज नाही, मग हे लोक जातात कशाला? तीनशे वर्षांपूर्वी मखदूम-उल-मुल्क जे म्हणाला होता तेच आता साहेब म्हणत होता. सवलतीची आयत गरिबाच्या बाजूने उतरली होती. ती त्याला अडवण्यासाठी वापरली जाऊ लागली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७च्या हंगामात मुंबईतून हज बंद झाला. पुढे १९२०च्या दशकात परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत सक्तीची करणारा कायदा आला. ‘ऐपत’ आता कायद्याने मोजली जाऊ लागली. यात्रेकरूंचे भले झाले नाही असे मी म्हणणार नाही. जिद्दाच्या रस्त्यावर उपाशी मरण्यापेक्षा तिकीट आधी काढलेले बरेच. पण ज्या म्हाताऱ्याने आयुष्यभराच्या कमाईतून एका बाजूचे भाडे जमवले होते आणि ज्याला परतायचेच नव्हते, त्याची वाट या कायद्याने बंद केली.

मग ते जात का होते?

मुस्लिमेतर मित्र मला हा प्रश्न विचारतात. पाप धुतले जाते म्हणून, असे एक उत्तर तयार असते. ते खोटे नाही. ज्याचा हज कबूल झाला तो नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा निर्मळ होतो, या आशयाची हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण एवढ्यासाठी माणूस घरदार विकत नाही. पाप धुण्याचे सोपे मार्ग घरबसल्या आहेत: तौबा आहे, रोजा आहे, सदका आहे.

मला वाटते, उत्तर तिथल्या विधींमध्ये आहे. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधून हाजी सात फेऱ्या घालतो. ही सई कोणाची आठवण आहे? हजरत हाजराची. एक बाई, जिला परंपरा दासी म्हणून ओळखते, तान्ह्या मुलासह निर्जन वाळवंटात सोडलेली. पाणी नाही, सोबत नाही, वाट माहीत नाही. बाळ तहानेने तडफडते आहे आणि ती एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीकडे धावते आहे. फिकहच्या कोणत्याही व्याख्येने पाहा, तिच्याकडे इस्तिताअत नव्हती. आणि जगभरचे नवाब, सौदागर, आलिम त्या बाईच्या पावलावर पाऊल टाकत धावतात. तिच्यासारखे धावल्याशिवाय हज पुरा होत नाही. ज्याच्या घरी कायम पाण्याची वणवण असते त्या बाईला हे ठिकाण आपले का वाटते, हे समजावून सांगायला पंडित लागत नाही.

दुसरे कारण एहराम. न शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरी. त्या अंगावर आल्या की कोण खोत, कोण कूळ, कोण अश्रफ, कोण अजलाफ, हे ओळखू येत नाही. आपल्या समाजात जातबिरादरी नाही असे आपण म्हणतो, पण लग्न जुळवताना सगळे विचारतो. अराफातच्या मैदानात कोणी विचारत नाही. आयुष्यभर ज्याला दारापाशी बसवले गेले त्याला एक दिवस तरी सर्वांबरोबर उभे राहायचे असते. त्या एका दिवसाची किंमत त्याने भांडीकुंडी विकून दिली, तर ती त्याला महाग वाटली नसावी.

आणि तिसरे कारण मला घरात सापडले. माझ्या आजोळी, रत्नागिरीच्या बाजूला, हजच्या बोटीवर काम केलेले खलाशी गावोगावी होते. आजोबांचे थोरले भाऊ त्यांतले एक. बोटीचा भोंगा वाजला की डेकवर एकदम रडारड सुरू होई, असे ते सांगत. रडणाऱ्यांत दुःख आणि आनंद वेगळा काढता येत नसे. त्यांच्या आठवणींत मक्केपेक्षा निघण्याच्या आधीचे दिवसच जास्त असत. हजला निघणारा माणूस महिनाभर गावात घरोघर फिरे. कोणाचे चार आणे देणे असेल ते देई. बांधावरून भांडण असेल तर मिटवी. वर्षानुवर्षे न बोललेल्या भावाच्या दारात जाऊन उभा राही आणि म्हणे, ‘बोलणंचालणं माफ करा.’ कारण कर्ज न फेडता आणि दुखावलेल्याची माफी न मागता निघाला तर हज कसला? इस्तिताअतची ती अट, जी पुस्तकात पैशाची वाटते, गावात अशी जगली जाई. मक्का दूर होती. तिथे पोहोचण्याच्या आधी माणसाला आपल्याच आळीतून जावे लागे.

बोट, विमान, कुर्रा

१८७७ मध्ये सुरू झालेली बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी पुढे ‘मुघल लाईन’ म्हणून ओळखली गेली. ‘अकबर’, ‘इस्लामी’, ‘मोहम्मदी’ ही तिच्या बोटींची नावे मुंबई-कोकणातल्या जुन्या माणसांना पाठ असत. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना दर हंगामात भरून जाई. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने यात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास ‘हज नोटा’ काढल्या. त्याच वर्षी हज समितीचा कायदा झाला. विमाने आली तरी बोटी चालूच होत्या, कारण गरिबाला तीच परवडे. १९९५ पासून मुंबईची हजची बोट कायमची बंद झाली आणि त्याबरोबर तो भोंगाही.

विमानभाड्यातल्या सरकारी सबसिडीवर पुढे बरीच वर्षे राजकारण झाले. मुसलमानांचे लाड, असे एका बाजूने म्हटले गेले. फायदा तर विमान कंपनीला होतो, असे दुसऱ्या बाजूने. दुसऱ्याच्या पैशावर हज कसा करावा, असे विचारणारे अनेक मुसलमानही होतेच. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांत ही सबसिडी टप्प्याटप्प्याने संपवा, असे सांगितले. निकालात आधार घेतला तो ऐपतीच्या त्याच आयतीचा. २०१८ मध्ये सबसिडी संपली.

आता मोजमाप आणखी बदलले आहे. १९८७ नंतर दर दहा लाख मुस्लिम लोकसंख्येमागे एक हजार यात्रेकरू असा कोटा ठरला. भारताचा कोटा अलीकडच्या वर्षांत १,७५,०२५ आहे. पैसा आहे, प्रकृती आहे, पण कुर्‍यात नाव निघाले नाही तर थांबायचे. शासनाच्या समितीमार्फत गेले तरी खर्च तीन लाखांच्या पुढे जातो. एक बदल मात्र मला मोलाचा वाटतो. २०१८ पासून ४५ वर्षांवरच्या स्त्रियांना, त्यांच्या मसलकमध्ये मुभा असेल तर, मेहरमशिवाय गटाने हजला जाता येते. कोकणातल्या आपल्या शाफई बायकांना ही मुभा फिकहमध्ये शतकानुशतके होती. सरकारी फॉर्मवर यायला तिला २०१८ उजाडावे लागले.

आणि डेकवरचे लोक? ते संपलेले नाहीत. २०२४च्या हजमध्ये मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला. सौदी सरकारने १,३०१ मृत्यू जाहीर केले आणि त्यांतले ८३ टक्के विनापरवाना आलेले होते, असे सांगितले. त्यांना वातानुकूलित तंबूत जागा नव्हती, बसमध्ये जागा नव्हती. ते उन्हात मैलोगणती चालत गेले. अनेक जण म्हातारे होते. त्यांनी नियम मोडला, हे खरे. त्यांच्यावर हज फर्ज नव्हता, हेही खरे. १८८० मध्ये जे बोटीतले पाणी उपसत होते त्यांचेच हे नातेवाईक.

न गेलेल्याचा हज

ही बाजू सांगितली की दुसरीही सांगायला हवी, नाहीतर गरिबाच्या मरणाला मी भक्तीचे नाव देऊन मोकळा होईन.

फरीदुद्दीन अत्तारच्या ‘तजकिरतुल औलिया’त एक कथा येते. थोर सुफी अब्दुल्लाह बिन मुबारक हजनंतर मक्केत झोपले असता त्यांना स्वप्न पडते. फरिश्ते बोलत असतात की यंदा लाखो आले, पण ज्याच्यामुळे सगळ्यांचा हज कबूल झाला तो माणूस आलेलाच नाही. तो दमास्कसचा एक मोची. अब्दुल्लाह त्याला शोधत जातात. मोची सांगतो: कित्येक वर्षे पै-पै जमवून हजचे पैसे साठवले होते. एके दिवशी शेजारणीच्या घरातून मांस शिजल्याचा वास आला. मागायला गेलो तर ती म्हणाली, हे तुमच्यासाठी हलाल नाही; मुले कित्येक दिवसांची उपाशी आहेत म्हणून मेलेल्या जनावराचे शिजवते आहे. मी साठवलेले सगळे पैसे तिला दिले.

ही गोष्ट वाअजच्या मजलिसमध्ये सांगितली जाते, लोक डोळे पुसतात आणि घरी जातात. तिचा अर्थ मात्र जड आहे. शरियतने दिलेली सवलत ही दुय्यम दर्जाची पावती नाही. न जाऊ शकणारा माणूस अपुरा मुसलमान नाही, हे आपण आपल्या मोहल्ल्यात खऱ्या अर्थाने मानले असते, तर कर्ज काढून उमरा करणाऱ्यांची, स्वस्त पॅकेजच्या नादात फसणाऱ्यांची आणि उन्हात विनापरवाना चालणाऱ्यांची संख्या कमी झाली असती. आपण काय करतो? पाचव्या उमऱ्याहून आलेल्याला हार घालतो. त्याच गल्लीत मुलीच्या कॉलेजची फी भरायला कोणी हजचे पैसे मोडले तर त्याला हाजी म्हणत नाही.

म्हणून मला ऐपत मोजण्याचा हक्क कोणाला द्यावासा वाटत नाही: मखदूमला नाही, साहेबाला नाही, टूरवाल्याला नाही आणि हारवाल्या शेजाऱ्यालाही नाही. ती आयत माणसाच्या आणि अल्लाहच्या मधली आहे. गरिबाला ‘तू जाऊ नकोस’ म्हणून ती ऐकवू नये, आणि ‘तू गेला नाहीस’ असा टोमणा मारताना ती विसरूही नये.

कुर्‍यात यंदा ज्यांचे नाव निघाले त्यांना मुबारक. ज्यांचे निघाले नाही त्यांच्यासाठी हजचा एक भाग तरी मोकळा आहे. त्याला कोटा नाही, पासपोर्ट लागत नाही. देणे आहे ते द्यायचे, आणि ज्या दारात कित्येक वर्षे गेलो नाही त्या दारात जाऊन बोलणेचालणे माफ करा, एवढे म्हणायचे.